जमावाच्या आड आलेल्या सावित्रीबाई : १८६८ चे एक पत्र

१/ सावित्रीबाई फुले म्हटले की डोळ्यांसमोर पुण्यातील भिडेवाड्याची शाळा उभी राहते, आणि त्या शाळेच्या वाटेवर अंगावर येणारे शेण व दगड सोसत पुढे चालणारी एक तरुण शिक्षिका दिसते. आज त्यांच्या आयुष्यातील दुसरा एक प्रसंग पाहू. या प्रसंगात दांडगाई त्यांच्यावर होत नव्हती. ती दुसऱ्या कोणावर होत होती, आणि सावित्रीबाई आपण होऊन मध्ये पडल्या.

२/ या प्रसंगाचा आधार म्हणजे त्यांचे स्वतःचे पत्र. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांतील. त्यांतील मधल्या पत्रावर २९ ऑगस्ट १८६८ ही तारीख असून ते सातारा भागातील नायगावहून, म्हणजे त्यांच्या माहेरच्या गावाहून लिहिलेले आहे. तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या.

३/ पत्रातील हकिकत थोडक्यात अशी. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव फिरून पंचांग सांगे आणि त्यावर पोट भरी. शारजा नावाच्या महार समाजातील मुलीशी त्याचे प्रेम जुळले. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे लोकांना कळले आणि गाव खवळले. दोघांना पकडण्यात आले, मारहाण करीत रस्त्यांवरून फिरवण्यात आले. त्यांना ठार मारण्याचाच लोकांचा बेत होता.

४/ ही बातमी सावित्रीबाईंच्या कानी पडली आणि त्या तडक तिथे धावत गेल्या. त्यांची स्वतःची स्थिती काय होती, हे येथे लक्षात घ्यायला हवे. जोतीराव जवळ नव्हते. माहेरच्या मुलखातही त्यांना सर्वांचा आधार होता असे नाही. बारा वर्षांपूर्वीच्या, १८५६ च्या पत्रात त्यांच्या भावाचेच बोलणे नोंदलेले आहे : महार-मांगांसाठी काम करून तुम्ही दोघे पतित झालात, असा त्याचा सूर होता. सावित्रीबाईंनी त्याला तिथल्या तिथे सडेतोड उत्तर दिले होते. तरीही ज्या बाईला काही लोक आधीच वाळीत टाकण्याजोगी समजत होते, तीच आता संतापलेल्या जमावापुढे उभी होती.

५/ जमावाला त्यांनी काय सांगितले? धर्माचा किंवा जातीचा वाद त्यांनी घातला नाही. या दोघांचा जीव घेतलात तर इंग्रजी कायद्यानुसार त्याचे परिणाम भयंकर होतील, एवढेच त्यांनी बजावले. भारतीय दंडविधान १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाले होते. मेलेला कोणत्या जातीचा आणि मारणारा कोणत्या जातीचा, यावर त्यात खुनाची शिक्षा ठरत नव्हती. पण कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि हातात काठ्या असलेल्या माणसांना ऐन वेळी त्याची आठवण करून देणे वेगळे. सावित्रीबाईंनी ते दुसरे काम केले, आणि जमावाने हात आवरला.

६/ हा संपूर्ण विजय होता का? नाही, आणि पत्रही तसा आव आणत नाही. सदुभाऊ नावाच्या गृहस्थाने रागाने सुनावले की या दोघांनी गाव सोडून जावे. दोघांनी ते मान्य केले. ज्यांनी मारले त्यांना कोणी जाब विचारला नाही, आणि ज्यांनी मार खाल्ला त्यांनाच घरदार सोडावे लागले. सावित्रीबाईंच्या पदरात पडले ते दोन जीव आणि एक न जन्मलेले मूल. त्या क्षणी एवढेच शक्य होते आणि एवढे त्यांनी साधले.

७/ सुटका झाल्यावर दोघे सावित्रीबाईंच्या पायांवर पडून रडू लागले. त्यांनी त्यांची समजूत घातली आणि दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिले. मला या प्रसंगातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. गावाबाहेर काढलेल्या जोडप्याला जायला जागा नसती, तर त्यांचे मरण फक्त चार दिवस पुढे ढकलले गेले असते. फुले दांपत्याने १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते आणि अडचणीत सापडलेल्या गर्भवती विधवांना तिथे आसरा मिळत होता. शारजा विधवा असल्याचे पत्रात कुठे म्हटलेले नाही. परंतु समाजाने हाकललेल्या बाईला दार कसे उघडायचे, हे त्या घराला चांगले ठाऊक होते. याच १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला.

८/ एवढा मोठा प्रसंग सावित्रीबाईंनी मोजक्या ओळींत उरकला आहे. आपल्याला भीती वाटली की नाही, याबद्दल त्यात अक्षर नाही. दोघांना तुमच्याकडे पाठवीत आहे, हे कळवून पत्र आटोपते.

९/ धैर्याच्या गोष्टी वाचताना आपण बहुधा नायकाच्या जागी स्वतःला पाहतो. या पत्रात मात्र आणखी एक जागा आहे, ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांची. मार खाणारे दोघे होते, मारणारे काही जण असतील, आणि पाहणारे त्याहून अधिक असणार. कायद्याची भीती त्यांतील कोणीही घालू शकला असता. त्यासाठी विशेष विद्वत्ता लागत नव्हती. वसतिगृहात, वर्गात किंवा एखाद्या समूहसंभाषणात दहा जण मिळून एकाला कोंडीत धरतात, तेव्हा आपणही बहुतेक वेळा याच कडेला उभे असतो. तिथून चार पावले पुढे यायला काय लागते, हे १८६८ च्या या पत्रात लिहून ठेवलेले आहे.