गोधडीची परीक्षा

क्विल्टवाल्या मंडळींत एक गोष्ट फार सांगितली जाते. अमेरिकेतल्या आमिश पंथाच्या बायका म्हणे प्रत्येक क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवायच्या, कारण निर्दोष फक्त देव! ऐकायला छान आहे, पण क्विल्टचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना याचा धड पुरावा सापडलेला नाही. मला यातली गंमत वेगळीच वाटते. चार टाके वाकडे गेले तर थेट देवाचा दाखला द्यावा लागतो! आपल्या गोधडीला असला दाखला कधी लागला नाही. का, ते जरा इतिहासात शिरून बघण्यासारखं आहे.

सुरुवात आमच्या रावेरपासून. आज रावेर म्हटलं की केळी, पण जुना खानदेश कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात भुसावळला रेल्वे आली. पण एवढा कापूस पिकवणाऱ्या मुलखात गोधडीच्या पोटात मात्र कापूस नसतो! कापूस हा विकायचा माल. गादी भरायची तर पिंजारी हवा, त्याला पैसे हवेत. गोधडी घरातल्या घरात व्हायची. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे, एकावर एक थर आणि वरून धावदोरा.

आता बघा, लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. बसायच्या जागी आधी विरतं, काठ बराच काळ टिकतो. शिवणारी बाई विरलेला भाग पोटात घालते आणि धड भाग वर लावते. म्हणजे तुकड्याचं माप पट्टी ठरवत नाही, झीज ठरवते. मग चौकोन सारखे येणार कुठून?

टाक्यांचंही तेच. कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्याकडे यायचं. दुपारी शेजारणी येऊन बसल्या की चार हात आणि चार तऱ्हेचे टाके. एखादा दोरा तुटला तरी आजूबाजूच्या ओळी थर धरून ठेवतात. आमच्या भाषेत रिडंडन्सी! आणि गोधडी विरली की वर ठिगळ. (सॉफ्टवेअरमधला 'पॅच' हा शब्दही असाच आला बरं का. पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे, आणि चुकीच्या भोकांवर खरोखरच ठिगळ चिकटवायचे.)

मग हे 'परफेक्ट' आलं कुठून? मला तीन टप्पे दिसतात. पहिला, शिलाई मशीन. सिंगरचं पेटंट १८५१ चं. मशीनचे टाके एकसारखे पडतात, आणि ते बघून बघून डोळ्याला हाताचा टाका कच्चा वाटू लागतो. दुसरा, १९७१. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. अंगावरची वस्तू भिंतीवर गेली की ती डोळ्यांनीच जोखली जाणार. तिसरा, १९७९. जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा कटर आणला. कापडाचे चार-सहा थर एका फटक्यात सरळ कापता येऊ लागले. अचूकता सोपी झाली, आणि सोपी झाली म्हणून सक्तीची वाटू लागली.

गंमत म्हणजे त्याच व्हिटनीमध्ये २००२ साली अलाबामातल्या गीज बेंड गावचे क्विल्टही लागले. (त्याआधी ते ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये होते.) गुलामांच्या वंशजांचं हे गाव. तिथल्या बायकांनी शेतावरच्या जुन्या कपड्यांतून क्विल्ट शिवले. रेघा वाकड्या, तुकडे लहानमोठे, कुठे गुडघ्याशी विटलेली पँट तर कुठे उसवलेल्या खिशाचा डाग. लोकांनी ते डोक्यावर घेतले, २००६ मध्ये अमेरिकेने त्यांची टपाल तिकिटं काढली. तुकड्याचं माप तिथेही झिजेनंच ठरलेलं!

याचा अर्थ गोधडी कशीही शिवली तरी चालायची असा नाही हं. परीक्षा होतीच, फक्त पेपर वेगळा होता. गाठ अंगाला टोचता कामा नये. थर सरकून गोळा होता कामा नये. भिजलेल्या गोधडीचं वजन दोघींनी मिळून पिळताना कळतं, तेव्हा टाका निसटता कामा नये. कोपरे जुळलेत का, हा प्रश्न त्या पेपरात नव्हताच.

हे सगळं वाचायला घेतलं ते आमच्या ताईमुळे. तिला क्विल्टिंगचा छंद लागलाय. मॅट, कटर, पट्ट्या, सगळी हत्यारं आहेत. रावेरच्या आजीची पाच लुगडीही आहेत, पेटीत. आजी आता नाही. ती लुगडी कापायला ताईचा हात धजत नाही. कोपरे चुकले तर परत कुठून आणणार? भीती रास्त आहे. पण सुती कापड पेटीत ठेवलं म्हणून जसंच्या तसं राहत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरच चिरतं.

आजी लुगडं उजेडात धरून बघायची, कुठे विरलंय ते. मग काठाला कात्रीनं एक छोटी चीर द्यायची आणि पुढचं हातानं फाडायची. सुती कापड दोऱ्याच्या रेघेत आपोआप सरळ फाटतं. मॅट नको, पट्टी नको.

असो. थंडी तोंडावर आली आहे. ताई, वाचते आहेस ना?