वास्को द गामाच्या नावाचा संघ

वास्को द गामा म्हटले की भारतीय मनाला कालिकतचा किनारा आणि इ.स. १४९८ हे साल आठवते. गोव्यात तर त्या नावाचे एक शहरच आहे. ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात मात्र हे नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे दर्यावर्दी उभा राहत नाही. उभा राहतो तो फुटबॉलचा एक संघ. त्या सफरीला चारशे वर्षे झाली त्या निमित्ताने, १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात, रिओमधील पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी व त्यांच्या दुकानांतील नोकरमंडळींनी नौका वल्हविण्याच्या शर्यतींसाठी एक क्लब काढला व त्याला हे नाव दिले. ज्या दर्यावर्दीने युरोपीय सत्तेला पूर्वेची वाट दाखविली, त्याच्याच नावाच्या क्लबाने पुढे काळ्या माणसासाठी मैदानाचे दार उघडावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

हे दार बंद का होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने रद्द झाली ती १३ मे १८८८ रोजी, म्हणजे अमेरिका खंडात सर्वांच्या शेवटी. बेडी तुटली, पण तिच्याबरोबर जमीन मिळाली नाही की शाळा मिळाली नाही. निरक्षराला मत नाही, असे १८९१ च्या राज्यघटनेने ठरविले, आणि ती अट थेट १९८५ पर्यंत टिकली. अशा समाजात फुटबॉल अवतरला तो साहेबाच्या सामानातून. साओ पावलो येथे जन्मलेला चार्ल्स मिलर नावाचा तरुण १८९४ मध्ये इंग्लंडमधील शिक्षण आटोपून परतला, तेव्हा त्याच्याजवळ दोन चेंडू आणि नियमांचे एक पुस्तक होते. पुढच्याच वर्षी तेथील रेल्वे कंपनी व गॅस कंपनी यांच्या नोकरवर्गात सामना झाला. १९०२ मध्ये रिओत फ्लुमिनेन्से हा क्लब निघाला. चांगल्या घराण्यांतील मुले खेळत, टोप्या घातलेल्या स्त्रिया सज्ज्यांत बसून टाळ्या वाजवीत, आणि बाकीचे लोक कुंपणाबाहेरून पाहत. बांगू या उपनगरातील कापड गिरणीचा संघ हा त्याला अपवाद होता. तेथे इंग्रज तंत्रज्ञांची संख्या संघापुरती पुरेना, म्हणून गिरणीतील कामगारांना घ्यावे लागले, व १९०५ मध्येच फ्रान्सिस्को कारेगाल हा काळा खेळाडू तेथे खेळताना दिसतो. उदारपणापेक्षा गरजेनेच तेथे काम केले, एवढाच याचा अर्थ.

इतरत्र ज्यांची त्वचा सावळी, त्यांना ती लपवावी लागे. कार्लोस आल्बेर्तो हा मिश्रवर्णीय खेळाडू १९१४ मध्ये फ्लुमिनेन्सेकडे आला. तो तोंडाला तांदळाची पावडर लावून मैदानात उतरे, असे सांगतात. घामाने पावडर ओघळू लागली की प्रतिपक्षाचे प्रेक्षक 'तांदळाची पावडर' म्हणून ओरडत. आर्तुर फ्रिडेनराइख याची कथाही अशीच. बाप जर्मन वंशाचा, आई काळी. सामन्यापूर्वी केस चोपून सरळ करण्यात त्याचा बराच वेळ जाई. १९१९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदासाठी उरुग्वेविरुद्ध सामना झाला. ज्यादा वेळ देऊनही कोंडी फुटेना. अखेर त्यानेच एकमेव गोल केला आणि सारे राष्ट्र आनंदाने वेडे झाले. केस मात्र सरळच करावे लागत राहिले.

वास्कोने फुटबॉल सुरू केला तो उशिरा, पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि तोही खालच्या वर्गात. पोर्तुगीज दुकानदारांना घराण्यांची यादी पाहण्याचे कारण नव्हते; त्यांना जिंकावयाचे होते. त्यांनी गल्लीबोळांतील संघांतून खेळाडू वेचले. गोलरक्षक नेल्सन भाड्याची मोटार चालवी, सेसी भिंती रंगवी, निकोलिनो बंदरावर हमाली करी. खेळाचे पैसे घेण्यास बंदी होती, म्हणून ही माणसे दुकानांच्या हजेरीपटावर नोकर म्हणून दाखविली जात आणि दिवसभर धावण्याचा सराव करीत. विजयानंतर बक्षीस मिळे; त्याला एका लोकप्रिय जुगारातील प्राण्यांची नावे देत. त्यावरून आलेला 'बिशो', म्हणजे प्राणी, हा शब्द ब्राझीलचे खेळाडू विजयाच्या बक्षिसाला आजही वापरतात. वरच्या वर्गात येताच, पहिल्याच वर्षी, १९२३ मध्ये, वास्कोने अजिंक्यपद मिळविले. साऱ्या मोसमात एकच सामना गमावला.

प्रतिष्ठितांना हे सोसवले नाही. १९२४ मध्ये फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो इत्यादी क्लबांनी जुनी संघटना सोडून नवी काढली. तिच्या नियमांत रंगाचा उल्लेख कोठेही नव्हता. खेळाडूचा व्यवसाय संशयास्पद नसावा, त्याला लिहिता वाचता यावे, क्लबाचे स्वतःचे मैदान असावे, एवढेच म्हटले होते. जेथे कालपरवापर्यंत गुलाम असलेल्यांच्या मुलांना शाळाच नव्हती, तेथे साक्षरतेची अट घातली की रंगाचा उच्चार करण्याची गरज उरत नाही. वास्कोने सही करण्यापुरती अक्षरे खेळाडूंकडून गिरवून घेतली, असे म्हणतात. ज्यांची आडनावे अवघड होती त्यांना सोपी आडनावे मिळाली! नव्या संघटनेने वास्कोला सांगितले, यायचे असेल तर बारा खेळाडू वगळा. ७ एप्रिल १९२४ रोजी क्लबाचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी उत्तर धाडले. हे बाराही तरुण आहेत, त्यांनी मिळविलेल्या कीर्तीवर डाग लावण्याचे काम क्लब करणार नाही, सबब प्रवेशाचा विचार आम्ही सोडून देत आहोत, असा त्याचा आशय होता. ब्राझीलच्या क्रीडा-इतिहासात ते 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखले जाते.

वास्को जुन्याच संघटनेत राहिला आणि तेथे पुन्हा जिंकला. प्रेक्षक त्याच्यामागून गेले, आणि प्रेक्षकांबरोबर तिकिटांचा पैसाही गेला. १९२५ मध्ये नव्या संघटनेने त्याला आपले खेळाडू घेऊन येऊ दिले. मैदान नाही हा आक्षेप उरला होता. तोही सभासदांच्या वर्गणीतून १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या साओ जानुआरिओ क्रीडांगणाने मिटविला. १९३३ मध्ये रिओत खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास मान्यता मिळाली, व गरिबाला खेळणे परवडू लागले. दार उघडले ते अर्थात पुरुषांपुरतेच. १९४१ च्या एका हुकुमाने स्त्रियांना फुटबॉल वर्ज्य ठरला, तो १९७९ पर्यंत.

परंतु आत आलेल्याचे स्थान किती कच्चे होते, हे १९५० मध्ये दिसले. त्या वर्षीची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये झाली. भारतालाही तीत जागा मिळाली होती. आपला संघ गेला नाही, हे अनेकांच्या स्मरणात नसेल. १६ जुलै रोजी मराकाना क्रीडांगणात सुमारे दोन लाख लोक जमले होते. उरुग्वेशी बरोबरी झाली तरी चषक ब्राझीलचा होता, आणि ब्राझीलने पहिला गोलही केला. मग शियाफिनोने बरोबरी साधली. सामना संपावयास अकरा मिनिटे उरली असता गिज्जाने जवळच्या कोनातून चेंडू मारला. वास्कोचा गोलरक्षक मोआसिर बारबोझा मध्यभागी पास येईल या अपेक्षेने एक पाऊल पुढे सरकला होता. चेंडू त्याच्या व खांबाच्या मधून आत गेला.

दोष प्रामुख्याने तिघांच्या माथी आला: बारबोझा, बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या पेलेने, दिदीने व गारिंशाने चषक जिंकून आणला, तेव्हा तोच रंग राष्ट्राचा अभिमान ठरला. बारबोझाला मात्र माफी मिळाली नाही. १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाला भेटावयास गेला असता अपशकुन नको म्हणून त्याला आत येऊ दिले नाही. ब्राझीलमध्ये कोणत्याही गुन्ह्याला जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा आहे, आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, असे तो म्हणे. २००० साली तो वारला. विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा काळा माणूस उभा राहिला तो २००६ मध्ये, दिदा.

वास्कोच्या खेळाडूंच्या सरावकेंद्राला आता मोआसिर बारबोझाचे नाव आहे.