शकुंतला आणि मूर्तिजापूरचा मालधक्का

मूर्तिजापूर स्टेशनजवळ गवतात बुडालेले अरुंद रूळ तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिले असतील. ते आपल्या शकुंतलेचे रूळ. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. त्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात मुंबई-नागपूर ही मोठी लाइन मूर्तिजापूरवरून गेली. पण यवतमाळ, दारव्हा, अचलपूरकडचा कापूस स्टेशनापर्यंत आणायचा कसा? बंडीला दिवस लागायचे. म्हणून १९०३ मध्ये यवतमाळपर्यंत आणि १९१३ मध्ये अचलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीची लहान लाइन टाकली गेली. ती किलिक निक्सन कंपनीच्या ताब्यात होती.

आता गंमत बघा. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नाही. म्हणून प्रत्येक गठाण मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर उतरवायची आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायची. या चढउतारावरच कितीतरी चुली पेटल्या. हमाल आले, बंडीवाले आले, खानावळी निघाल्या. जिनिंगमध्ये बायाही राबल्या.

मग ट्रक आले. जिनिंगच्या दारातून माल थेट बाजारात जाऊ लागला. मधली चढउतार कोणाला नको होती, आणि गावाची कमाई तर त्यातच होती.

दुसरं कारण मालकीचं. स्वातंत्र्यानंतर मोठी लाइन सरकारची झाली, शकुंतला मात्र कंपनीचीच राहिली. गाडी सरकार चालवायचं आणि पैसे कंपनीला द्यायचं. ज्या घराचा मालक दूर आणि राहणारा वेगळा, त्या घराची कौलं कोण चाळणार? मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिलं. पुढे डिझेल आलं, पण रूळ जुनेच. यवतमाळचे ११३ किलोमीटर कापायला चार तासांहून जास्त लागायचे. गेल्या दशकात एकेक करून दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या.

मूर्तिजापूर काही ओस पडलं नाही. मोठी गाडी आजही थांबते. पण लहान लाइनवरच्या खेड्यांची स्वस्त सवारी गेली. माहेरी जाणारी लेक, भाजीची टोपली घेऊन निघालेली बाई, दवाखान्यात निघालेली म्हातारी, यांच्या हातात बसभाड्याइतके पैसे असतातच असं नाही.

आपल्या गटांनी यातून एक गोष्ट घ्यावी. एकाच मालावर, एकाच व्यापाऱ्यावर सगळा धंदा टांगू नका. आणि ज्यावर आपलं पोट चालतं, त्याचा कागद कोणाच्या नावावर आहे ते विचारा.

एक काम सांगते. किती गठाणी गेल्या, हे कंपनीच्या वह्यांत सापडेल. ती रुई कोणत्या बायांच्या हाताखालून गेली, हे तिथे सापडणार नाही. तुमच्या घरी, शेजारी कोणी आजी जिनिंगमध्ये राबली असेल, तर पुढच्या बैठकीला तिला घेऊन या. तिचं बोलणं आपण रेडिओवर ऐकवू.