खरा दगड, खोटी चिठ्ठी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दिराचा मुलगा पेडण्याला मामाकडे गेला होता. येताना हरमलच्या किनाऱ्यावर चादर पसरून बसलेल्या एका विक्रेत्याकडून त्याने दोन दगड आणले. वर्षभर साठवलेले पैसे त्यात संपले. काळ्या दगडात पाठीवर आडव्या वळ्या असलेला किडा आणि पिवळसर फरशीच्या तुकड्यावर नेच्याचं काळं पान.

"काकी, हा ट्रायलोबाईट. आपल्या डिचोलीच्या खाणीत सापडलाय म्हणे. शाळेच्या प्रदर्शनात ठेवणार. चिठ्ठीवर काय लिहू?"

मी पेन हातात घेतलं आणि तिथेच अडले. हा डिचोलीचा असूच शकत नव्हता. ज्या खडकांतून आपल्याकडे लोहखनिज निघतं, ते दोनशे कोटी वर्षांहून जुने. ट्रायलोबाईट समुद्रात आले साधारण बावन्न कोटी वर्षांपूर्वी आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वी संपले. नातू आजोबांच्या लग्नाच्या फोटोत दिसावा, तसलीच ही गोष्ट. जीवाश्म पारखताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: कुठल्या खडकातला? दगडाकडे नंतर बघायचं.

मग बघितलंच. पान आधी घेतलं. खऱ्या पानाला मधली शीर असते, तिला फुटलेल्या उपशिरा असतात, देठ असतो. इथे यातलं काही नव्हतं. सगळ्या फांद्या दगडाच्या एका भेगेपासून निघून पसरत गेल्या होत्या. मँगनीज विरघळलेलं पाणी भेगेत झिरपतं, सुकतं आणि मागे अशी नक्षी उरते. ती माणसाने काढलेली नव्हती, पण तिथे झाडही कधी नव्हतं. निसर्गाने कुणाला फसवलेलं नाही, आपणच घाईने नाव दिलं.

किड्याची गोष्ट वेगळी होती. भिंगातून बघितल्यावर वळ्यांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसली. ओतीव रसात हवेचे बुडबुडे अडकले की अशी छिद्रं राहतात. हाताला तो दगडासारखा गारही लागेना. तरी मुलाचं मन मानेना. शेवटी मामाने त्याच विक्रेत्याच्या मालाचा फोटो पाठवला. त्यात अगदी तसाच दुसरा किडा होता, डावीकडची तिसरी वळी त्याच जागी तुटलेली. दोन जीव एका जातीचे असतात, पण दोघांची मोडतोड एकाच जागी, एकाच आकाराची नसते. दोन्ही एकाच साच्यातून निघाले होते.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे म्युझियममधलं पण सगळं खोटंच असतं?"

हा प्रश्न मला त्या दगडापेक्षा जड वाटला. एकदा फसलेला माणूस सगळ्यांनाच खोटं ठरवून मोकळा होतो. मी त्याला बारापासॉरसची गोष्ट सांगितली. महाराष्ट्राच्या सिरोंचाजवळच्या गोदावरी खोऱ्यात या डायनासोरची हाडं सापडली आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा उभा राहिला. ही हाडं एका प्राण्याची नाहीत, अनेकांची आहेत. काही दात मिळाले, पण कवटी मिळालीच नाही. म्हणून डोक्याचा आकार हा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तरी त्याला कुणी खोटा म्हणत नाही, कारण काय मिळालं आणि काय नाही, हे अभ्यासकांनी लिहून ठेवलं.

आणि लांब कशाला जायचं? आमच्या डिचोली तालुक्यातलं नार्वे घ्या. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीच्या अलीकडे आलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं आणि तसं सांगणारा शके १५९० चा शिलालेख दारावरच आहे. आमच्याच काळात पुन्हा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ते देऊळ खुलं झालं. देऊळ आपण कदंबकाळातलं अखंड उभं असल्याचा आव आणत नाही. कुणी उभारलं, कधी उभारलं, ते दारातच सांगतं. त्याच नार्व्यात जैनकोटाचे अवशेष आहेत, कुडण्याला गुजीर देवळाचा जांभा दगड ढासळतोय. आमच्या बस्तीचे हे अवशेष उद्या कुणी सावरले, तर माझी एवढीच विनंती राहील: नवा दगड नवा दिसू द्या.

याच्या उलटही होतं. दगड अस्सल आणि चिठ्ठी खोटी. पंजाब विद्यापीठाचे विश्वजीत गुप्ता वर्षानुवर्षं हिमालयातल्या जीवाश्मांवर शोधनिबंध लिहीत होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की त्यातले काही नमुने मोरोक्कोत, काही अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात मिळणाऱ्यांसारखे आहेत. जीव खरेच होते, गाव खोटं होतं. भिंगाला यात काही सापडत नाही, कारण दगडात खोट नसते. त्या निबंधांवर विसंबून ज्यांनी हिमालयाच्या थरांची वयं मांडली, त्यांचं काम मात्र डागाळलं. विकत आणलेल्या दगडापेक्षा ही फसवणूक मोठी.

तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या व्रतांचे दोष सांगितलेत. त्यात 'प्रतिरूपक व्यवहार' असा शब्द आहे. अस्सल म्हणून नक्कल देणं, चांगल्यात हलकं मिसळणं. लहानपणी आजीकडून ऐकताना मला वाटायचं, हा सत्यव्रताचा दोष असणार. तसं नाही. तो अचौर्यव्रताचा दोष आहे. म्हणजे शास्त्राच्या लेखी ही थाप नव्हे, चोरी. त्या दिवशी समोरच्या पोराचा चेहरा बघून ते पटलं. त्याचे पैसे गेले होतेच, पण दगड बघून हरखून जाण्याची त्याची जी हौस होती, तिच्यावरही कुणीतरी हात मारला होता.

"परत देऊ या का त्याला?" मी विचारलं.

"नको. त्यालाही कुणीतरी असंच सांगून विकलं असेल," तो म्हणाला आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.

प्रदर्शनात दोन्ही दगड होते. शेजारी मामाने पाठवलेला फोटो आणि घरातलं भिंग. चिठ्ठ्या त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या होत्या. पहिली: "हे पान नाही. ही मँगनीजची नक्षी आहे. शीर शोधून बघा." दुसरी: "हा ट्रायलोबाईटचा साचा आहे. डिचोलीचा नाही. मी हरमलला फसलो. बुडबुडे मोजा."

भिंगासाठी पोरांची रांग लागली होती. मीही रांगेत उभी राहिले. सतरा बुडबुडे मोजले. तो म्हणाला, "काकी, एकोणीस आहेत. नीट बघ."