महाविद्यालयाचे संकेतस्थळ : बांधणी आणि निगा

महाविद्यालयाचे संकेतस्थळ म्हटले, की इमारतीचा फोटो, प्राचार्यांचे मनोगत आणि सरकत जाणारी सूचनांची पट्टी डोळ्यांसमोर येते. एवढ्यासाठी स्वतंत्र पुस्तक कशाला, असे वाचकांना वाटले तर ते रास्तच आहे. ही शंका मनात ठेवूनच वाचकांनी पुढची पाने चाळावीत.

हे पुस्तक हैदराबादच्या अनुभवावर उभे आहे, म्हणून आधी या शहराविषयी थोडे. इथे १८८७ मध्ये निजाम कॉलेज सुरू झाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकांचे भाषांतर करणारा स्वतंत्र विभागच उभारला. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींच्या पुढाकारातून विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी राहिली, ती शहरातल्या मराठी माणसांना आजही आपली वाटते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड-परभणीकडची मुले शिकायला इथे येत. चार भाषांच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची या शहराला जुनी सवय आहे, आणि संकेतस्थळाच्या कामात तिचा फार उपयोग होतो.

संकेतस्थळ हे आता महाविद्यालयाचे उघडे दप्तर झाले आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थांनी बरीच माहिती कुणी मागण्याआधीच जाहीर करायची असते. नॅकच्या मूल्यांकनातही संकेतस्थळावरचे अहवाल आणि कागदपत्रे पाहिली जातात. 'एसी डॉट इन' या शेपटाचे नाव अर्नेट इंडियाकडून मिळते आणि ते शिक्षणसंस्थांसाठीच राखीव असते. म्हणूनच अशा संकेतस्थळावर छापलेल्या तारखेवर पालक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

या विश्वासाला तडा कसा जातो, हे एका साध्या परिपत्रकावरून पाहा. कार्यालयात ते संगणकावर टंकले जाते, छापले जाते, सही-शिक्का होतो, मग स्कॅन करून आडवेच संकेतस्थळावर चढवले जाते. मुळात अक्षरे होती, आता उरले ते नुसते चित्र. मोबाइलवर ते ताणून वाचावे लागते, त्यात शोध घेता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीनरीडरला त्यात वाचण्याजोगे काहीच सापडत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये थेट पानावर ठेवून सहीची प्रत खाली जोडली, तर सर्वांचीच सोय होते.

भाषेचेही तसेच. मराठी पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेची खूण म्हणून 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे नोंदवली, की योग्य फॉन्ट असल्यास ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही मराठी उच्चार निवडता येतो. काम क्षणाचे, पण ते आठवणीने करणारा माणूस लागतो.

तुम्ही या क्षेत्रात नवे असाल, तर लगेच वर्डप्रेसकडे वळू नका. आधी साध्या मोबाइलवर आपल्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडा आणि प्रवेशाची अंतिम तारीख, शुल्क, परीक्षेचे वेळापत्रक आणि तक्रार कुणाकडे करायची ही माहिती शोधा. जिथे अडाल, तिथून तुमचा अभ्यास सुरू होईल. त्यानंतर मजकूर, सुगमता आणि मांडणी या क्रमाने प्रकरणे वाचावीत. सुरक्षितता आणि बॅकअपचे प्रकरण शेवटी असले, तरी ते वगळू नये. संकेतस्थळ बांधून देणारा कंत्राटदार गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, ही तक्रार जागोजागी ऐकू येते.

देखणे संकेतस्थळ पैसे मोजून मिळते. ताजे संकेतस्थळ मात्र माणसेच ठेवतात, हे आमचे ठाम मत आहे. म्हणून वाचकांनी पहिले प्रकरण संपताच एक करावे : आपल्या संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाखाली ते शेवटचे कधी तपासले ती तारीख आणि जबाबदार विभागाचे नाव लिहावे. पुढचे सगळे काम त्या एका ओळीच्या आधारे करता येईल.