विजेवरील दुचाकी : कोणती घ्यावी, केव्हा घ्यावी

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबाद या शहरांतून रोज कामावर ये-जा करणाऱ्या कुटुंबांपुढे विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा प्रश्न दोन अंगांनी उभा राहतो. कोणती दुचाकी घ्यावी हे पहिले अंग, तर आता घ्यावी की आणखी काही महिने थांबावे हे दुसरे. नवी मॉडेल्स वरचेवर बाजारात येत आहेत, सरकारी अनुदानाचे नियम बदलत आहेत आणि पेट्रोलच्या दुचाकींवरील करही कमी झाला आहे. अनेक घरांत ही खरेदी एक-दोन महिन्यांच्या मिळकतीएवढी किंवा त्याहून मोठी असते. निवड चुकली तर कर्जाचे हप्ते चालू राहतात आणि वाहन जिन्याखाली पडून राहते. म्हणून अनुदानाच्या तारखांपूर्वी रोजचे अंतर, घरातील वीजजोडणी आणि जवळचे सेवा केंद्र या तीन गोष्टी तपासणे हिताचे ठरते.

अनुदानाचा उतरता आलेख

केंद्र सरकारने ‘फेम’ योजनेचा पहिला टप्पा एप्रिल २०१५ मध्ये, तर दुसरा टप्पा एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला. जून २०२१ मध्ये दुचाकींचे अनुदान बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १५ हजार रुपये करण्यात आले आणि त्याची कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्के ठेवण्यात आली. एक किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलातील एक युनिट. १ जून २०२३ पासून हे अनुदान १० हजार रुपयांवर आणि कमाल मर्यादा १५ टक्क्यांवर आणण्यात आली. ही योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. त्यानंतरच्या तात्पुरत्या योजनेत एका दुचाकीस जास्तीत जास्त १० हजार रुपये मिळत होते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना लागू झाली. तिच्या आरंभीच्या काळात एका दुचाकीस कमाल १० हजार रुपये आणि एप्रिल २०२५ पासून कमाल पाच हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये या योजनेची एकूण मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा दुचाकींच्या अनुदानासाठी मात्र ३१ मार्च २०२६ ही अंतिम तारीख ठेवण्यात आली.

अनुदान अशा प्रकारे घटत असताना बॅटरीची किंमतही उतरत गेली. ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार लिथियम-आयन बॅटरीसंचाचा जागतिक सरासरी भाव २०२३ मध्ये किलोवॅट-तासामागे १३९ डॉलर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. त्यामुळे २०२१ नंतर थांबलेल्या ग्राहकाचे मोठे अनुदान हुकले खरे. परंतु त्याला कमी मूळ किमतीची आणि अधिक कडक सुरक्षा चाचण्यांतून गेलेली दुचाकी उपलब्ध झाली. पाच हजार रुपयांच्या अनुदानासाठी घाई करणे किंवा पुढील अनुदानाच्या आशेने वर्षभर अडून राहणे, या दोन्ही गोष्टींचा खरेदीच्या एकूण हिशेबावर होणारा परिणाम आता मर्यादित आहे.

दिल्ली आणि शेजारची राज्ये

दिल्ली सरकारने ७ ऑगस्ट २०२० रोजी आपले विद्युत वाहन धोरण अधिसूचित केले. त्यात दुचाकींसाठी किलोवॅट-तासामागे पाच हजार आणि कमाल ३० हजार रुपये अनुदानाची तरतूद होती. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता कर आणि नोंदणी शुल्कही माफ करण्यात आले. धोरणाला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. जुलै २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. मात्र अनुदानाची रक्कम अनेक खरेदीदारांच्या खात्यात वेळेवर जमा झाली नाही आणि हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. खरेदीच्या वेळी लगेच मिळणारी करमाफी आणि नंतर खात्यात जमा होणारे अनुदान यांत ग्राहकाने फरक करावा. पहिली रक्कम हिशेबात धरावी, दुसरी हाती आल्यावरच मोजावी.

राज्याचा लाभ वाहन कोणत्या राज्यात नोंदले जाते यावर अवलंबून असतो. नोएडा किंवा गाझियाबादच्या पत्त्यावर नोंदलेल्या वाहनास उत्तर प्रदेशचे आणि गुरुग्राम किंवा फरीदाबादच्या पत्त्यावरील वाहनास हरयाणाचे नियम लागू होतात. उत्तर प्रदेशच्या ऑक्टोबर २०२२ मधील धोरणात तीन वर्षांसाठी रस्ता कर व नोंदणी शुल्कातून पूर्ण सूट देण्यात आली होती. विक्रेत्याने सांगितलेली ‘ऑन-रोड’ किंमत नेमक्या कोणत्या पत्त्यासाठी आहे आणि त्या दिवशी कोणती सूट लागू आहे, हे लेखी घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

बदलीची नोकरी असलेल्यांना आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. सप्टेंबर २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘बीएच’ मालिकेत ही अडचण येत नाही. केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी, संरक्षण दलांतील कर्मचारी तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात. या मालिकेत विद्युत वाहनांना दोन टक्के कमी कर असला, तरी जेथे राज्याचा कर पूर्ण माफ आहे तेथे बीएच नोंदणी महाग पडू शकते. दिल्लीत काही वर्षे राहून पुणे किंवा नागपूरला परतणाऱ्या कुटुंबांनी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

बचत अंतरावर ठरते

विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. परिणामी एक लाख रुपये किंमत असलेली पेट्रोल दुचाकी सुमारे पावणेआठ हजार रुपयांनी स्वस्त झाली आणि दोन्ही प्रकारांतील किमतीचे अंतर पुन्हा वाढले.

हे अंतर किती काळात भरून निघेल, हे रोजच्या प्रवासावर ठरते. नोएडा सेक्टर ६२ ते कनॉट प्लेस अशी ये-जा सुमारे ४० किलोमीटर होते. महिन्यात २५ दिवस धरल्यास एक हजार किलोमीटर प्रवास झाला. लिटरमागे ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीस २० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला ९५ रुपये भाव धरल्यास खर्च १,९०० रुपये. विजेवरील दुचाकीस चार्जिंगमधील गळती धरून १०० किलोमीटरला सुमारे साडेतीन युनिट, म्हणजे महिन्याला ३५ युनिट लागतील. युनिटला साडेचार रुपये दराने हा खर्च १६० रुपयांच्या आत राहतो. वर्षाची बचत जवळपास २१ हजार रुपये होते. दोन वाहनांच्या किमतीत २५ हजारांचा फरक असला, तरी तो सव्वा वर्षाच्या आसपास वसूल होतो.

रोजचा प्रवास केवळ दहा किलोमीटरचा असल्यास हीच बचत वर्षाला सुमारे सव्वापाच हजारांवर येते आणि तेवढाच फरक वसूल होण्यास पाच वर्षांच्या आसपास काळ जातो. अशा ग्राहकाची जुनी दुचाकी चांगली चालत असेल, तर त्याने थांबण्यात तोटा नाही.

घरातील वीज आणि २०० युनिटांची मर्यादा

दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून महिना २०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना शून्य बिलाची आणि २०१ ते ४०० युनिटांपर्यंत, कमाल ८०० रुपयांच्या मर्यादेत, निम्म्या बिलाची सवलत देण्यात आली. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने त्याच मीटरवर दुचाकी चार्ज केली, तर वापर २१५ युनिटांपर्यंत जाऊन शून्य बिलाचा लाभ हुकतो. यावर उपाय म्हणजे विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणी. दिल्ली वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या दरपत्रकात कमी दाबाच्या अशा जोडणीसाठी युनिटमागे साडेचार रुपये दर असून स्थिर आकार नव्हता. वीज वितरण कंपनीकडे अर्ज करण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावेत.

चार्जिंगची जागा हा निवडीतील सर्वांत निर्णायक मुद्दा होय. तळमजल्यावर स्वतःची जागा आणि सुरक्षित अर्थिंग असलेला सॉकेट असेल, तर वाहनात पक्की बसवलेली बॅटरी सोयीची ठरते. बिल्डर फ्लोअरच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा डीडीएच्या जुन्या सदनिकेत राहणाऱ्यास काढून घरात नेता येणारी बॅटरी लागते. खिडकीतून खाली सोडलेली लांब वायर हा पर्याय नव्हे. सैल जोडणी तापून आग लागण्याचा धोका त्यात असतो. घरात चार्ज होणारी बॅटरीही दाराच्या किंवा जिन्याच्या वाटेवर ठेवू नये, म्हणजे प्रसंग आल्यास बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा राहतो.

कोणत्या गरजेला कोणते वाहन

मोटरसायकलची ठेवण पसंत असणाऱ्यांसाठी रिव्होल्ट कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘आरव्ही ४००’ सादर केली. आरंभी दिल्ली आणि पुणे ही तिची शहरे होती, तर कारखाना हरयाणातील मानेसर येथे आहे. ३.२४ किलोवॅट-तासाची तिची बॅटरी काढून घेता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये याच कंपनीने ‘आरव्ही १’ हे स्वस्त मॉडेल आणले. बेंगळुरूच्या ओबेन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रोर ईझी’ सादर केली. तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे. हा प्रकार वजनाने काहीसा जड असला, तरी उष्णतेत अधिक स्थिर राहतो आणि चार्जिंगची अधिक आवर्तने सोसतो. मे-जूनमध्ये ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या दिल्लीत हा गुण मोलाचा आहे.

स्कूटरमध्ये बजाज चेतक आणि टीव्हीएस आयक्यूब जानेवारी २०२० पासून, तर एथरची रिझ्टा एप्रिल २०२४ पासून बाजारात आहे. हीरो कंपनीच्या ‘विडा व्हीएक्स २’ची बॅटरी काढता येते, जुलै २०२५ मध्ये ती सादर झाली तेव्हा बॅटरी विकत न घेता वापरानुसार पैसे भरण्याचा पर्यायही देण्यात आला. होंडाने जानेवारी २०२५ मध्ये आणलेल्या ‘अ‍ॅक्टिव्हा ई’ची रचना घरी चार्जिंगसाठी नसून केंद्रावर बॅटरी बदलून घेण्यासाठी आहे. असे वाहन निवडताना रोजच्या मार्गावर तशी केंद्रे आहेत काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या वाहनांना नोंदणी किंवा परवाना लागत नाही. जवळच्या बाजारहाटासाठी ती पुरेशी असली, तरी रिंग रोडसारख्या वेगवान रस्त्यावर ती नेणे धोक्याचे आहे.

जाहिरातीतील पल्ला प्रमाणित चाचणीतील असतो. रहदारी, उड्डाणपूल, मागे बसलेली व्यक्ती आणि हिवाळ्यातील थंडी यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश अंतर मिळते. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याने जाहिरातीत किमान १०० किलोमीटर पल्ला असलेले वाहन निवडावे, म्हणजे काही वर्षांनी बॅटरीची क्षमता घटल्यावरही अडचण होणार नाही.

सुरक्षितता आणि कंपनीची पाठराखण

मार्च २०२२ मध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी विद्युत स्कूटरना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक केले. ‘एआयएस १५६’ या मानकातील सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. जुने वाहन घेताना त्याची निर्मिती या तारखांनंतरची आहे काय, हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहावे.

कंपनी टिकणे हेही महत्त्वाचे आहे. एके काळी विक्रीत आघाडीवर असलेल्या हीरो इलेक्ट्रिक या कंपनीविरुद्ध डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. (ही कंपनी विडा स्कूटर बनवणाऱ्या हीरो मोटोकॉर्पपेक्षा वेगळी आहे.) कंपनी अडचणीत आल्यास सुटे भाग आणि बॅटरीची हमी दोन्ही संकटात येतात. म्हणून घराजवळच्या सेवा केंद्रावर एकदा जाऊन दुरुस्तीसाठी आलेली वाहने किती दिवस थांबून आहेत, हे तेथील ग्राहकांनाच विचारावे.

खरेदीची वेळ

नवे मॉडेल आल्यावर पहिले सहा महिने थांबल्यास प्रारंभीचे दोष आणि प्रत्यक्ष पल्ला यांची माहिती मिळते. वर्षअखेरीस विक्रेते सवलती देतात. परंतु निर्मितीचे वर्ष जुने ठरल्याने पुनर्विक्रीची किंमत कमी होते. ते वाहन पाच-सहा वर्षे वापरणाऱ्यास ही सवलत फायद्याची ठरते.

जुन्या वाहनाचे वयही पाहावे लागते. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम ठेवले. त्यांच्या अंमलबजावणीविषयी २०२५ मध्येही न्यायालयाचे आदेश झाले. हे निर्बंध विद्युत वाहनांना लागू नाहीत. घरपोच सेवेचे काम करणाऱ्यांसाठी वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ जानेवारी २०२६ पासून कंपन्यांच्या ताफ्यात नव्या पेट्रोल दुचाकी घेण्यास मनाई केली. त्यामुळे अशा कामासाठी नवे वाहन घेणाऱ्यास विजेवरील दुचाकीच विचारात घ्यावी लागते.

थोडक्यात, रोजचा प्रवास ३० किलोमीटरहून अधिक, चार्जिंगची सुरक्षित सोय आणि जवळ विश्वासाचे सेवा केंद्र अशा तिन्ही बाबी जुळत असतील, तर थांबण्याचे कारण उरत नाही. यांपैकी चार्जिंगची सोय नसेल, तर आधी वीजजोडणीचा अर्ज करावा आणि ती मिळाल्यावरच वाहनाची नोंदणी रक्कम भरावी.