अध्यक्ष कोणी निवडावा? : सुरत, १९०७

सुरतेच्या काँग्रेसचे नाव निघताच मराठी वाचकास प्रथम आठवतो तो व्यासपीठावर भिरकावलेला जोडा. तांबूस चामड्याचा तो दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून सर फिरोजशहा मेहतांवर आदळला, असे हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले. या जोड्याने इतिहासावर थोडा अन्यायच केला. त्याच्या गवगव्यात मूळ वाद झाकला गेला. तो वाद होता, अध्यक्ष निवडण्याचा अधिकार कोणाचा?

अधिवेशन प्रथम नागपूरला भरावयाचे होते. स्वागत समितीत तीन-चतुर्थांश मते मिळतील त्याने अध्यक्ष व्हावे, असा नियम होता. टिळकांच्या नावावरून तेथे तंटा माजला आणि अधिवेशन सुरतेस हलविले गेले. सुरत त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडे, आणि यजमान प्रांतातील पुढाऱ्यास अध्यक्ष न करण्याचा प्रघात होता. टिळकांचे नाव त्यामुळे आपोआप मागे पडले. मंडालेहून नुकतेच सुटलेले लाला लजपतराय यांना राष्ट्रीय पक्षाने पुढे केले. परंतु फूट टळावी म्हणून त्यांनी स्वतःच नकार दिला. स्वागत समितीने डॉ. रासबिहारी घोष यांची निवड केली.

तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधील मंडपात सोळाशेंहून अधिक प्रतिनिधी जमले. २६ डिसेंबरला अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोषांचे नाव सुचविले. सुरेंद्रनाथ अनुमोदनास उठताच असा गोंधळ झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना चिठ्ठी पाठविली. अनुमोदनानंतर आपणास तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, एवढीच तिची मागणी होती. उत्तर आले नाही. ठराव संमत झाल्याचे जाहीर झाले, घोष भाषणास उभे राहिले आणि टिळक व्यासपीठावर चढून हात बांधून उभे राहिले. पुढे खुर्च्या उचलल्या गेल्या. संतप्त जमावापासून टिळकांचे रक्षण करण्यास गोखलेच धावले. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

टिळकांचे म्हणणे असे की स्वागत समिती नाव सुचविते, निवड प्रतिनिधींची असते. मवाळांच्या मते निवड आधीच झाली होती. मंडपातील प्रस्ताव हा केवळ उपचार. उपचार असेल तर प्रतिनिधींची संमती विचारण्याचे कारणच काय, याचे समाधानकारक उत्तर मवाळांपाशी नव्हते. मात्र आरडाओरड करून वक्त्यास बसविणे हाही मताधिकार नव्हे, हे राष्ट्रीय पक्षाच्या अभिमान्यांनीही मान्य करावयास हवे.

याच सुमारास अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांच्या बैठकीतून न ठरता मतदारांनी ठरवावा, अशी चळवळ चालू होती. विस्कॉन्सिन राज्याने १९०४ मध्ये तसा कायदा लोकमताने स्वीकारला. कोणत्याही पक्षाचा नसलेला मतदारही तेथे उमेदवारनिवडीत मत देऊ शके.

काँग्रेस मात्र उलट दिशेस गेली. तोपर्यंत कोणत्याही सार्वजनिक सभेतून प्रतिनिधी निवडून येत. १९०८ च्या अलाहाबाद घटनेने प्रत्येकाकडून ध्येयपत्रिकेवर लेखी संमती मागितली आणि निवडीचा हक्क काँग्रेस समित्या व त्यांनी मान्य केलेल्या संस्था यांपुरता ठेवला. जो कोणत्याच गटाचा नव्हता, त्याचेही दार लागले. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात ते किलकिले झाले, आणि १९१६ साली लखनौस टिळक पुन्हा काँग्रेसच्या व्यासपीठावर आले.

सुरतेच्या नशिबी हा प्रश्न पुन्हा आला, तो वेगळ्या रूपात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून फेटाळला गेला, उरलेल्या उमेदवारांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. मतदान ७ मे रोजी व्हावयाचे होते. त्या दिवशी सुरत मतदारसंघात मतदानयंत्र लागलेच नाही. कोणीच पसंत नसलेल्या मतदारासाठी असलेले ‘नोटा’चे बटणही त्याबरोबर गेले.